सेन्सर दंडावर, अडचण खिशात

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात माझी मावशी राहते. मूळची बेळगावची, लग्न होऊन बेंगळुरूला आली त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. मधुमेह अठरा वर्षांचा. मागच्या वर्षी तिच्या डॉक्टरांना एक कोडं पडलं. बोट टोचून घेतलेले तिचे आकडे बरे असायचे. उपाशीपोटी ११०, रात्रीच्या जेवणानंतर दीडशेच्या आसपास. पण तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी दरवेळी ८ च्या वर. म्हणजे दिवसात कधीतरी साखर चांगलीच चढत होती आणि मोजायच्या वेळेपर्यंत खाली येत होती. ती वेळ हुडकायची म्हणून डॉक्टरांनी चौदा दिवसांचा सेन्सर लावायला सांगितलं.

सेन्सर बसला. टोचल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. मग औषधाच्या दुकानातल्या मुलाने तिचा फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये दोनदा वर-खाली केलं आणि म्हणाला, “आंटी, इदरल्ली एनएफसी इल्ला.” यात एनएफसी नाही.

मावशीने तिथूनच मला फोन लावला. “अरे, सेन्सर तर दंडावर बसला. आता हा म्हणतो, तुमचा फोन चालायचा नाही. गेल्या दिवाळीला तर घेतला मी हा फोन!”

फोन नवाच होता, चांगलाही होता. त्यात तिचं बँकेचं काम होतं, भाजीवाल्याचे पैसे जात, अमेरिकेतल्या नातीचं तोंड दिसे. पण चार-पाच हजार रुपयांचा सेन्सर दंडावर बसून मिनिटामिनिटाला साखर मोजत होता आणि तो आकडा वाचायला तिच्याकडे काही नव्हतं. शेवटी तिच्या मुलाच्या फोनवर ॲप घेतलं आणि सेन्सर त्यावर सुरू केला. अडचण सुटली असं सगळ्यांना वाटलं.

ती सुटलेली नव्हती. मुलगा सकाळी आठला इलेक्ट्रॉनिक सिटीला निघतो आणि रात्री आठला परततो. फोन त्याच्याबरोबर. या जातीच्या सेन्सरची आठवण आठ तासांची असते. त्याहून जुनी नोंद पुसून तो नवी लिहितो. रात्री आठला स्कॅन केलं की दुपारी बारापासूनचा आलेख मिळे. सकाळी आठ ते बारा, म्हणजे नाश्त्यानंतरचे चार तास, रोज कोरे. डॉक्टरांना नेमकं जे पाहायचं होतं, तेच त्या चौदा दिवसांत जवळपास कधी दिसलं नाही. रविवार तेवढे दोन पूर्ण मिळाले.

हे प्रकरण त्या कोऱ्या चार तासांविषयी आहे. शरीरातली साखर मोजायचं शास्त्र फार पुढे गेलं आहे. पण त्या मोजमापाचा अर्धा भाग आता आपल्या खिशातल्या फोनमध्ये राहतो, आणि तो अर्धा भाग कुणी नीट तपासत नाही.

आधी दंडावरचा भाग पाहू. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती, आणि तिच्या पोटातून निघून कातडीखाली गेलेली सुमारे पाच मिलिमीटर लांबीची बारीक, लवचिक तार. सुई ती तार आत ठेवून लगेच बाहेर येते. तार रक्तवाहिनीत नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. द्रवातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा अगदी क्षीण विद्युतप्रवाह बनतो, आणि प्रवाह जितका जास्त तितकी साखर जास्त. विकर आणि ती तार यांच्यात इलेक्ट्रॉन वाहून नेणारं रसायन तयार करण्यात ॲडम हेलर या रसायनशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. त्यांनी मुलाबरोबर १९९६ मध्ये थेरासेन्स ही कंपनी काढली, ती २००४ मध्ये ॲबटने घेतली, आणि त्याच वाटेवर पुढे फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर आला. रक्तात साखर बदलली की या द्रवात ती काही मिनिटं उशिरा बदलते, म्हणून सेन्सरचा आकडा आणि बोटाच्या थेंबाचा आकडा तंतोतंत जुळत नाही. हा बिघाड नव्हे, शरीराची रीत आहे.

भारतात हा सेन्सर २०१५ मध्ये आला तो ‘प्रो’ या रूपात, डॉक्टरांसाठी. चकती रुग्णाच्या दंडावर, वाचायचं यंत्र दवाखान्यात. रुग्ण चौदा दिवस घरी नेहमीसारखा राहायचा, मग दवाखान्यात यायचा, डॉक्टर यंत्र चकतीजवळ धरून सगळी नोंद उतरवून घ्यायचे. ‘प्रो’ची आठवण आठ तासांची नव्हती, चौदा दिवसांची होती. फोनचा संबंधच नव्हता, त्यामुळे फोन चालेल की नाही हा प्रश्नही नव्हता. २०२० च्या सुमारास रुग्णाने स्वतः वापरायचा सेन्सर आला, मागोमाग ॲपची सवय लागली, आणि रोजचा आकडा रोज दिसू लागला. फायदा मोठा झाला. ज्याला स्वतःचा आलेख दिसतो तो ताटाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी घरात अनुभवलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यातल्या थोड्यांनाही हा आलेख मिळाला तर केवढं काम होईल! म्हणूनच फोनपाशी अडणं मला सहन होत नाही.

एनएफसी म्हणजे अगदी जवळून बोलणारा रेडिओ. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो, काही सेंटिमीटरपलीकडे पोचत नाही. फोनमध्ये तारेचं एक चपटं वेटोळं असतं. ते चकतीजवळ नेलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चकतीतल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि त्या जोरावर ती आपली नोंद फोनला सांगते. मेट्रोचं कार्ड फाटकावर टेकवताना हेच घडतं. फोनमधलं वेटोळं कुठे आहे हे मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं: आयफोनमध्ये वरच्या कडेला, कित्येक अँड्रॉइड फोनमध्ये पाठीच्या मध्यभागी किंवा कॅमेऱ्याजवळ. ‘स्कॅन होत नाही’ म्हणून हैराण झालेले कितीतरी लोक फोनची चुकीची जागा दंडाला लावत असतात. कव्हरच्या मागे गाडीतल्या स्टँडसाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी असेल तर ती हे क्षेत्र गिळून टाकते. कव्हर काढलं की फोन पहिल्या फटक्यात वाचतो.

पण मावशीच्या फोनमध्ये वेटोळंच नव्हतं. का नव्हतं? माझ्या मते याचं उत्तर तिच्या भाजीवाल्याच्या गाडीवर लटकलेलं आहे. परदेशात फोनमधली एनएफसी मुख्यतः पैसे देण्यासाठी आली. फोन यंत्रावर टेकवला की बिल चुकतं. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि क्यूआर कोडने तो सगळा व्यवहार कॅमेऱ्याने होऊ लागला. बेंगळुरूत तर नम्म मेट्रोचं तिकीटही नोव्हेंबर २०२२ पासून व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडच्या रूपाने मिळतं. ज्या सोयीला गिऱ्हाईक नाही ती स्वस्त आणि मधल्या किमतीच्या फोनमधून कंपन्यांनी वगळली. काही मॉडेल तर परदेशात एनएफसीसह आणि भारतात एनएफसीशिवाय विकली गेली. क्यूआर कोडने देशाचं भलं केलं, यात शंका नाही. पण त्याच यशाची सावली मधुमेही माणसावर पडली, आणि पडली ती कमी पैशांचा फोन घेणाऱ्यावर. ज्याच्या खिशात साठ हजारांचा फोन आहे त्याला हा प्रश्न माहीतही नसतो.

आयफोनवाल्यांनाही काही वर्षं वाट पाहावी लागली होती. २०१४ पासून आयफोनमध्ये एनएफसी होती, पण ॲपलने ती स्वतःच्या पैशांच्या व्यवहारापुरती राखून ठेवली होती. २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आयफोन ७ आणि पुढच्या फोनांवर ती इतर ॲपना वाचण्यासाठी खुली झाली, त्यानंतरच सेन्सर आयफोनने वाचणं शक्य झालं. फोनच्या आत यंत्र असणं आणि ते वापरायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुभेचा हा भाग ब्लूटूथमध्ये फार गुंतागुंतीचा होतो. नवे सेन्सर स्कॅनची वाट पाहत नाहीत. आकडा ब्लूटूथने आपण होऊन फोनकडे पाठवतात, आणि साखर ७० च्या खाली घसरली की फोन वाजतो. इन्शुलिन घेणाऱ्या माणसासाठी रात्री तीनला वाजणारा हा गजर म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट. पण तो वाजायचा तर ॲप रात्रभर जागं हवं. आणि गेली दहा वर्षं फोन बनवणारे नेमक्या उलट्या कामात गढलेले आहेत: वापरात नसलेलं ॲप झोपवायचं आणि बॅटरी वाचवायची. अँड्रॉइडमध्ये २०१५ साली ‘डोझ’ आलं. फोन बराच वेळ पडून राहिला की ॲपची कामं थांबवून ठेवणारी सोय. त्यावर निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले बॅटरी सेव्हर चढवले. कुठे ‘ऑटोस्टार्ट’ नावाची परवानगी वेगळी द्यावी लागते, कुठे ॲप काही दिवस उघडलं नाही तर ते गाढ झोपेच्या यादीत जातं. गाणी ऐकवणारं ॲप झोपलं तर गाणं थांबतं, एवढंच. साखरेचं ॲप झोपलं तर आलेख थांबतो आणि गजरही.

परवानग्यांची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिथे चूक रुग्णाची नसते. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत ब्लूटूथने आसपासची यंत्रं शोधायला ॲपला ‘लोकेशन’ची परवानगी लागत असे. कारण तसं रास्त होतं. दुकानांत, मॉलमध्ये बसवलेल्या ब्लूटूथ खुणांवरून माणूस कुठे आहे ते कळू शकतं, म्हणून गूगलने दोन्ही एकत्र बांधलं. पण साखर मोजायला माझा ठावठिकाणा कशाला हवा, असं म्हणून शहाण्या माणसांनी ‘नको’ दाबलं, आणि सेन्सर जोडलाच गेला नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी आली. पुढच्या वर्षी अँड्रॉइड १३ मध्ये सूचना दाखवायलाही परवानगी विचारायची पद्धत सुरू झाली. जाहिरातींच्या सूचनांना कंटाळलेला माणूस तिथेही ‘नको’ दाबतो, आणि त्याबरोबर गजरही जाऊ शकतो. दर वर्षी नवी आवृत्ती, दर कंपनीचा तिच्यावर वेगळा थर. म्हणून सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या कोणत्या फोनवर, कोणत्या आवृत्तीवर ॲप तपासून पाहिलं याची यादी ठेवतात. यादीत नसलेला फोन चालेलही. पण मंगळवारी चालला म्हणून बुधवारच्या अपडेटनंतर चालेल याची हमी कुणी देत नाही.

हे प्रश्न आपल्यापुरतेच आहेत असं समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये आयओएस १७ येत होतं तेव्हा ॲबटने आपल्या वापरकर्त्यांना आपोआप होणारं अपडेट बंद ठेवायला सांगितलं, कारण त्यातल्या ‘स्टँडबाय’सारख्या सोयींमुळे साखरेचा गजर चुकण्याचा धोका होता. २०२४ मध्ये अमेरिकेत टँडम कंपनीच्या इन्शुलिन पंपाच्या आयफोन ॲपमध्ये दोष निघाला. ॲप बंद पडे, फोन ते पुन्हा सुरू करी, पुन्हा बंद पडे. या धडपडीत ब्लूटूथचं बोलणं इतकं वाढे की पंपाची बॅटरी संपून पंप बंद पडे. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत २२४ जणांना इजा झाल्याची नोंद झाली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, मधुमेहाची यंत्रं फोनवर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी सूचना काढली: फोनच्या सेटिंगमुळे जिवावरचे गजर ऐकू येत नाहीत अशा तक्रारी आल्या आहेत. त्यांनी दिलेली कारणं वाचताना मला आपलीच घरं दिसली. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू राहिलेलं. नवे ब्लूटूथ इअरफोन किंवा गाडीचा स्पीकर जोडल्याने आवाजाची वाट बदललेली. रात्रीतून फोन अपडेट झालेला.

एक गोष्ट परदेशी नातेवाईक असलेल्या मराठी घरांसाठी. मुलगा न्यू जर्सीहून येतो तेव्हा बॅगेत आईसाठी सेन्सरचे चार बॉक्स आणतो. प्रेमाने, पदरचे डॉलर खर्चून. पण कित्येक सेन्सर आणि त्यांची ॲप देशानुसार बांधलेली असतात. भारतातलं ॲप अमेरिकेतला सेन्सर नाकारू शकतं, आणि अमेरिकेतलं ॲप भारतीय खात्यावर उतरतही नाही. लंडनहून यंत्र आणलं तर वेगळाच धोका. तिथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपण मिलिग्रॅममध्ये. त्यांचा एक म्हणजे आपले अठरा. तिथल्या यंत्रावर १० दिसलं तर ती आपली १८० असते. ज्या माणसाला साखर खाली गेल्याची धास्ती आहे त्याने ‘दहा’ पाहून घाबरून साखर खाल्ली तर काय होईल, ते सांगायला नको.

बेंगळुरूत हे सगळं लिहिताना मनात एक अपेक्षा येते. याच शहरात मोहित कुमार आणि वत्सल सिंघल यांनी २०१९ मध्ये अल्ट्राह्युमन सुरू केली आणि पुढे दंडावरचा सेन्सर निरोगी, धावणाऱ्या-पळणाऱ्या तरुणांपर्यंत नेला. याच शहरात शुगर.फिट उभी राहिली. मोठमोठ्या फोन कंपन्यांची संशोधन केंद्रं इथे आहेत. इथले इंजिनीअर जगभरच्या फोनांसाठी ॲप लिहितात आणि तपासतात. दुसरीकडे एस. पी. रोडवर आणि मॅजेस्टिकच्या नॅशनल मार्केटमध्ये जुने फोन दुरुस्त होऊन पुन्हा विकले जातात, आणि शहरातले कितीतरी कष्टकरी तेच फोन वापरतात. साखर या दोन्ही बेंगळुरूंना आहे. माझं म्हणणं असं की ॲपची तपासणी आधी नॅशनल मार्केटमधल्या फोनवर व्हावी. तिथे जे टिकेल ते कुठेही टिकेल.

कायद्याची चौकट आहे. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आणि ती १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. पण चकती, ॲप, फोन आणि फोनची प्रणाली, या चार गोष्टी चार मालकांच्या. मधल्या फटीत रुग्ण पडतो. निदान एवढं तरी करता येईल: सेन्सरच्या खोक्यावर, बाहेरच्या बाजूला, ‘फोनमध्ये एनएफसी हवी’ हे मोठ्या अक्षरांत, कन्नडमध्ये, मराठीत, जिथे विकाल तिथल्या भाषेत छापा. आणि औषध दुकानदाराने चकती दंडावर बसण्याआधी फोन पाहावा. मावशीचा फोन पाहणारा तो मुलगा चांगला होता, त्याला ते कळत होतं. त्याने फक्त पाच मिनिटं उशिरा पाहिलं.

वाट न पाहणारी माणसंही या क्षेत्रात आहेत. अमेरिकेत जॉन कॉस्टिक या इंजिनीअरच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये मधुमेह झाला. सेन्सरचा आकडा मुलाजवळच्या छोट्या यंत्रावर दिसायचा, बाप कामावर. त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून तो आकडा इंटरनेटवर चढवला. त्यातून पुढे नाइटस्काउट ही खुली प्रणाली उभी राहिली आणि जगभरच्या आईबापांनी ती उचलली. तिच्यामागे कंपनी नव्हती, मुलाची काळजी होती. पण प्रत्येक घरात इंजिनीअर नसतो, म्हणून हे काम कंपन्यांनीच करायचं आहे.

मावशीचा दुसरा सेन्सर आम्ही फोनवर सुरूच केला नाही. फोनऐवजी वापरायचं छोटं वाचनयंत्र मिळतं, ते घेतलं. यातही एक मेख आहे: ॲपवर सुरू केलेला सेन्सर नंतर या यंत्रावर जात नाही, म्हणून पहिल्या वेळी तो उपाय उरला नव्हता. यंत्र ओट्याजवळच्या खिडकीत राहिलं. येता-जाता ती ते दंडाला लावायची. तिसऱ्याच दिवशी सकाळचा डोंगर दिसला: चार इडल्या, इथलं गोडसर सांबार आणि साखर घातलेली कॉफी, पावणेदहाला २४०, दुपारी साडेबारापर्यंत १५०. डॉक्टरांनी इडल्या निम्म्या केल्या, कॉफीतली साखर काढली आणि एका गोळीची वेळ बदलली. पुढच्या तपासणीत एचबीए१सी ७.२ आली.

तुमच्या घरात कुणाला सेन्सर लावायचा ठरला असेल, तर पाकीट फोडण्याआधी फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये ‘एनएफसी’ शोधा. कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल आणि त्याची आवृत्ती आहे का पाहा. फोन दिवसभर रुग्णाजवळ राहणार आहे का, हे विचारा. नसेल तर वाचनयंत्र घ्या. ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळा, सूचनांना होकार द्या, आपोआप अपडेट बंद ठेवा, आणि अपडेट केलंच तर त्या रात्री झोपण्याआधी ॲप उघडून आकडा ताजा आहे ना, गजर चालू आहे ना, ते बघा. बोट टोचायचं यंत्र, पट्ट्यांची मुदत तपासून, घरात ठेवाच. अंगाला घाम सुटला, हात थरथरले आणि फोन मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत असला, तर बोट टोचून थेंब तपासा. तेवढाही धीर नसेल तर आधी तीन छोटे चमचे साखर तोंडात टाका.